गरम झाल्यावर झुलणारं आयडल : दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

गाडी : चार सिलिंडर, १.६ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, केबलवर चालणारा थ्रॉटल (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची पाकळी). हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर, आयडल, म्हणजे पाय काढलेला असताना इंजिनाचा संथ वेग, सांभाळायला थ्रॉटल बॉडीवर स्टेपर मोटरचा (एकेक टप्पा, म्हणजे स्टेप, फिरणाऱ्या मोटरचा) आयडल व्हॉल्व्ह. तो थ्रॉटलला वळसा घालून बाजूने हवा देतो. वय १६ वर्षं. हे सगळं आधी लिहून ठेवतो, कारण आयडलच्या तक्रारीत निम्मा गोंधळ इथेच होतो. हवा मोजायची पद्धत वेगळी असली की एकाच बिघाडाची लक्षणं वेगळी दिसतात. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत सेन्सरला चुकवून शिरलेली हवा हिशेबात येतच नाही, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मॅनिफोल्डचा (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या गाडीत तीच हवा दाब वाढवते, कॉम्प्युटर तिच्यापुरतं पेट्रोलही सोडतो आणि आयडल नुसतंच चढून बसतं.

तक्रार : सकाळी थंड असताना गाडी उत्तम. एका सेल्फमध्ये चालू होते, १२०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) राहते, हळूहळू खाली येते. इंजिन पुरतं गरम झालं की आरपीएम झुलायला लागतात. ९५० ते १५५०, पुन्हा ९५०. एका झोक्याला साधारण दोन सेकंद. एसी लावला की झुलणं थांबतं, बंद केला की परत सुरू.

मागची हकिगतही लिहायला हवी. डिसेंबरपर्यंत तक्रार वेगळी होती. तेव्हा गाडी सिग्नलला थांबताना अधूनमधून बंद पडायची. मी थ्रॉटल बॉडी काढली, कार्बन साफ केला, बसवली. बंद पडणं थांबलं आणि चार-पाच दिवसांत हे झुलणं सुरू झालं. साफ करण्याआधी एकही रीडिंग घेतलं नव्हतं. ही चूक या वेळी करायची नाही. मोजून होईपर्यंत काहीही साफ करणार नाही, काहीही बदलणार नाही.

आज फक्त टॅकोमीटरचा व्हिडिओ काढला, थंड आणि गरम दोन्ही.

रविवार, ५ जानेवारी

आजचा दिवस गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या स्कॅनरचा. रात्रभर उभ्या गाडीला चावी लावून, इंजिन चालू न करता, दोन आकडे पाहिले. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) १९ अंश, आत येणारी हवा २० अंश. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही सेन्सर जवळपास एकच तापमान दाखवणार. इथे कूलंट सेन्सर ४० किंवा उणे १० दाखवत असता तर पुढचं सगळं सोडून तोच धरला असता. कूलंट सेन्सर बिघडला तर कॉम्प्युटर गरम इंजिनाला थंड समजून पेट्रोल पाजत राहतो. तो सेन्सर संशयातून सुटला.

कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड एकच, तोही पेंडिंग (अजून पक्का न झालेला) : पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन. कोड म्हणजे निदान नव्हे. कॉम्प्युटरला काय खुपतंय एवढंच तो सांगतो. ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला लोक इथेच देतात, पण तो सेन्सर बिचारा खरं बोलत असतो.

चालू करून गरम होऊ दिली. कूलंट ८८ अंशांवर गेल्यावर झुलणं सुरू झालं. ग्राफवर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती वेळ उघडा राहतो ती रेघ आणि आरपीएमची रेघ एकाखाली एक लावली आणि झुलण्याचं कारण समोर आलं. आरपीएम १५५०ला पोचले की इंजेक्टरची वेळ २.४ मिलिसेकंदांवरून थेट शून्य. आरपीएम कोसळतात, १०५०च्या आसपास पेट्रोल पुन्हा सुरू, आरपीएम पुन्हा चढतात. उतारावर आपण पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, तीच ही व्यवस्था. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त, म्हणजे गाडी स्वतःच्या वेगाने पळतेय असं त्याला वाटतं. झुलणं हा कॉम्प्युटरचा दोष नाही. पाय नसताना इंजिनाला १५५०पर्यंत न्यायला हवा कुठून येते, हा खरा प्रश्न.

आयडल व्हॉल्व्हचा आकडा पाहिला : गरम असताना ०. थंड असताना हाच आकडा ६२ होता. शून्य म्हणजे कॉम्प्युटरने बाजूची वाट पूर्ण बंद केली आहे. त्याच्या हातात आता हवा कमी करायचं काही उरलेलं नाही, म्हणून तो पेट्रोल तोडतो. थंड असताना सगळं चांगलं का, त्याचंही उत्तर यातच आहे. थंड इंजिनाला जास्त हवा लागतेच. गळतीची हवा त्या गरजेत खपून जाते, व्हॉल्व्ह तेवढा कमी उघडतो, कुणाला पत्ता लागत नाही.

पुढचा आकडा फ्युएल ट्रिमचा : मिश्रण बरोबर राहावं म्हणून कॉम्प्युटर मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. झुलत्या आयडलवर ट्रिम वाचण्यात अर्थ नाही, म्हणून एसी लावून आरपीएम स्थिर केले. हवा सेकंदाला ३.२ ग्रॅम. शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (मुरलेला) फ्युएल ट्रिम मिळून अधिक २२ टक्के. मग धाकट्या बहिणीला अॅक्सिलरेटरवर बसवलं आणि काटा २५००वर धरायला सांगितला. तिने पाय इतका स्थिर ठेवला की काटा हललाच नाही. हवा ९.६ ग्रॅम, ट्रिम अधिक ७.

"दादा, सोडू का आता?"

"थांब, अर्धा मिनिट." लाँग टर्म हळू सरकतो, त्याला वेळ द्यावा लागतो. "हं, सोड."

आता हिशेब. ३.२चे २२ टक्के म्हणजे ०.७. ९.६चे ७ टक्के म्हणजे ०.६७. दोन्हीकडे न मोजलेली हवा जवळजवळ सारखीच, सेकंदाला ०.७ ग्रॅम. गळती असंच वागते. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर आला की भोकातून शिरणारी हवा त्यापुढे वाढत नाही. भोक तेवढंच, हवा तेवढीच. आयडलला ती मोठा वाटा खाते, रेस दिली की गर्दीत हरवते. पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलटं दिसलं असतं, रेसबरोबर ट्रिम वाढत गेला असता. एअर फ्लो सेन्सर घाण असता तरी २५००ला ट्रिम एवढा सुधारला नसता. म्हणून पेट्रोलचा दाब मोजणं, सेन्सर धुणं ही कामं यादीतून काढली.

कुतूहल म्हणून भोकाचं मापही काढलं. सेकंदाला ०.७ ग्रॅम हवा आत यायला साधारण चार चौरस मिलिमीटरची वाट लागते. गोल भोक धरलं तर सव्वादोन-अडीच मिलिमीटर व्यास. एवढंसं काहीतरी शोधायचं आहे.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर पाय काढलेला असताना ०.६२ व्होल्ट. नोंदवून ठेवला.

शनिवार, ११ जानेवारी

गळती आहे हे ठरलं, आता कुठे. मॅनिफोल्डला जोडलेले पाइप मोजले : ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पेट्रोल टाकीची वाफ ओढणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा, पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली तेलकट वाफ परत ओढणारा) आणि पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या फ्युएल रेग्युलेटरचा बारीक. शिवाय मॅनिफोल्डचं गॅसकेट आणि चार इंजेक्टरांच्या रबरी रिंगा.

पकडीच्या जबड्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि गरम इंजिनावर एकेक पाइप दाबून पाहिला. गळती त्या पाइपच्या पलीकडे असेल तर आरपीएम पडतात. ब्रेक बूस्टर : फरक नाही. पर्ज : नाही. पीसीव्ही : नाही. रेग्युलेटर : नाही, आणि त्यात पेट्रोलचा वासही नाही, म्हणजे त्याचा पडदा शाबूत.

गॅसकेटच्या रेषेवर पाण्याचा बारीक फवारा मारला. गळती असेल तिथे पाणी ओढलं जातं, आरपीएम क्षणभर अडखळतात. काही झालं नाही. हाच प्रयोग कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून करणारे बरेच आहेत. तापलेला एक्झॉस्ट दोन वितींवर असताना मी तो करणार नाही, आणि कुणी केलेला मला पाहवतही नाही. एका ठिणगीचं काम असतं.

रविवार, १२ जानेवारी

पर्जवर संशय राहिला होता, कारण तो गरम झाल्यावरच कामाला लागतो. टाकीकडचा पाइप काढून तोंडावर बोट ठेवलं. आयडलला ओढ नाही. सुटला. बूस्टर : इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पेडल दाबलं, पहिले दोन दाब मऊ, मग कडक. व्हॅक्यूम धरून ठेवतोय, सुटला.

इंजेक्टरांचे कनेक्टर एकेक करून काढले, एसी लावून. चारही वेळा आरपीएम सारखेच पडले. म्हणजे चारही सिलिंडर कामाला लागलेत, प्लग-कॉइल उघडायची गरज नाही.

आयडल व्हॉल्व्ह काढला. सुई सरळ पुढे-मागे जाते, शंकूवर कार्बन नाममात्र. बसवून टाकला.

दिवस गेला आणि हाती काही लागलं नाही. संध्याकाळी मॅनिफोल्डचं गॅसकेट सरळ बदलून टाकावं असं फार वाटलं. पण पाण्याने ते निर्दोष ठरवलंय, आणि मॅनिफोल्ड काढताना चार पाइप हलतील, खरी जागा कुठली होती ते कधीच कळणार नाही. डिसेंबरात हेच झालं होतं. गळती शोधायचं धुराचं यंत्र मित्राकडून मिळेपर्यंत वाट पाहायची.

शनिवार, १८ जानेवारी

मित्राने धुराचं यंत्र दिलं. तेल तापवून दाट पांढरा धूर करतं आणि अगदी कमी दाबाने सोडतं, एक पीएसआयच्याही खाली. एअर फिल्टरकडची वाट हातमोजा ताणून बंद केली आणि बूस्टरच्या पाइपमधून धूर आत सोडला.

थंड इंजिनावर पंधरा मिनिटं थांबलो. बॉनेटखाली कुठेच धूर नाही. सायलेन्सरमधून थोडा आला, तो यायचाच, एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात.

मग तक्रारच गरम असताना आहे हे आठवून सगळं काढलं, गाडी पंखा दोनदा लागेपर्यंत चालवली आणि लगेच पुन्हा यंत्र जोडलं. दोन मिनिटांत मॅनिफोल्डच्या मागून, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) बाजूने, उदबत्तीसारखी एक सरळ रेघ वर आली. वारा नव्हता म्हणून दिसली.

तिथे नजर जात नाही. टॉर्च एका हातात, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा दुसऱ्या हातात. पीसीव्हीचा पाइप मॅनिफोल्डला जिथे मिळतो तिथे रबराचा काटकोनी एल्बो आहे. वरून काळाभोर, चकचकीत, नव्यासारखा. आरशात खालची बाजू दिसली. बाकाच्या आतल्या अंगाला आडवी फट आणि तिच्यातून धूर.

आणि ११ तारखेची चूक तिथेच कळली. मी पाइप दाबला होता व्हॉल्व्ह आणि एल्बोच्या मध्ये. फट माझ्या पकडीच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला. वाट बंद केली ती गळतीच्या मागची, मग आरपीएम पडणार कसे? पाइप दाबून घ्यायची चाचणी मॅनिफोल्डच्या तोंडाशी दाबली तरच खरी. वहीत त्या दिवसाच्या 'पीसीव्ही : नाही'वर लाल खूण केली आहे.

रविवार, १९ जानेवारी

एल्बो काढला. हातात घेतल्यावर रबर मऊ, बोटाला चिकट. इंजिनाच्या आतली तेलकट वाफ वर्षानुवर्षं यातूनच जाते. पिस्टनच्या बाजूने खाली निसटलेला वायू पूर्वी क्रॅंककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तो परत मॅनिफोल्डमध्ये ओढून जाळायची पीसीव्ही व्यवस्था गाड्यांत आली. हवेसाठी चांगलंच झालं, पण हे रबर कायम तेलात आणि उष्णतेत राहिलं.

थंड असताना फट शोधावी लागते, ओठ घट्ट मिटलेले. फीलर गेजचं (फटी मोजायच्या पातळ पानांचं) ०.०५ मिलिमीटरचं पानही जाईना. मग गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवला आणि गाडीत असतो तेवढाच बाक देऊन धरला. फट आपोआप उघडली. ०.३चं पान सहज आत गेलं. लांबी मोजली : १४ मिलिमीटर. ०.३ गुणिले १४ म्हणजे ४.२ चौरस मिलिमीटर.

५ तारखेचं पान काढून पाहिलं. 'साधारण चार चौरस मिलिमीटर' असं लिहिलंय. मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत होतो. स्कॅनरवरच्या दोन टक्केवाऱ्यांनी या फटीचं माप आधीच सांगितलं होतं. एवढा नेमका मेळ बसायला थोडं नशीबही लागतं, पण आकड्यांवरचा माझा विश्वास आज पक्का झाला.

पार्ट मागवला. टेप गुंडाळून गाडी चालवणार नाही. तेलकट रबराला टेप धरत नाही आणि सुटलेला तुकडा मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो.

शनिवार, २५ जानेवारी

नवा एल्बो, नव्या क्लिपा. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहिला, खुळखुळतो, ठीक.

झुलणं बंद. गरम, एसी बंद, ट्रिम मिळून अधिक ४. मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजची सुई एसी लावून मघापर्यंत १६ इंचांवर होती, ती आता १९वर आली आणि हलत नाही.

पण आयडल ९५०वर आहे. या गाडीचं ८०० असायला हवं. आयडल व्हॉल्व्ह अजूनही ३ स्टेपवर. गिअर बदलताना क्लच दाबला की आरपीएम सावकाश उतरतात. ट्रिम चांगला, म्हणजे ही जास्तीची हवा मोजून येते आहे. मोजून येणारी आणि व्हॉल्व्हमधून न येणारी हवा फक्त एकाच वाटेने येऊ शकते : थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेने.

मग ५ तारखेची ती नोंद पुन्हा वाचली. थ्रॉटल पोझिशन सेन्सर ०.६२ व्होल्ट. मॅन्युअलमध्ये बंद स्थितीला ०.४५ ते ०.५५ दिलंय. लिहून ठेवलं होतं, पण पडताळलं नव्हतं. केबलला ढील आहे, म्हणजे केबल ओढत नाही. टॉर्च लावून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पाहिला. कारखान्यातून येताना त्यावर रंगाचा थेंब असतो, इथे तो फुटलेला. स्क्रू जागेवर धरणाऱ्या चेकनटच्या दोन कडा घासून चकाकतायत. कुणीतरी पूर्वी हा स्क्रू आत फिरवला आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

आठवडाभर यावर विचार केला, आणि आता मागची सगळी साखळी जुळते. थ्रॉटलच्या कडेला कार्बन साचत गेला, आयडल पडायला लागलं. कुणीतरी स्क्रू फिरवून पाकळी थोडी उघडी ठेवली आणि आयडल वर आणलं. पुढे एल्बो फाटायला लागला. कार्बनने कमी केलेली हवा, स्क्रूने वाढवलेली हवा आणि फटीतून शिरणारी हवा यांचा मिळून कसाबसा मेळ बसत होता. तो मेळ मोडायचा तेव्हा गाडी सिग्नलला बंद पडायची. डिसेंबरात मी कार्बन काढला. हवा कमी करणारी एकमेव गोष्ट तीच होती. ती गेल्यावर आयडल व्हॉल्व्ह शून्यावर येऊन टेकला आणि आरपीएम झुलायला लागले. मला वाटत होतं नवीन बिघाड आला. बिघाड जुनाच होता, त्यावरचं झाकण मी काढलं होतं.

स्टॉप स्क्रू हा आयडल वाढवायचा स्क्रू नव्हे. पाकळी नळीच्या भिंतीत रुतू नये, एवढंच त्याचं काम. इंजिन बंद, चेकनट सैल, स्क्रू पूर्ण मागे घेतला. पाकळी बंद झाल्यावर बोटाने उघडून पाहिली, सुटताना किंचित चिकटते. मग स्क्रू टेकेपर्यंत आत, आणि चिकटणं जाईपर्यंत थोडा पुढे. पाव फेऱ्याहून जरा जास्त लागला. सेन्सर ०.५० व्होल्ट. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर व्होल्टेज पुन्हा पाहिलं : ०.५०.

मॅन्युअलमधल्या क्रमाने कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवलं. पहिल्या दोन मिनिटांत आरपीएम ६५०पर्यंत उतरले, वाटलं बंद पडते. पाय दिला नाही. व्हॉल्व्ह एकेक स्टेप उघडत गेला, काटा सावकाश वर आला आणि ८००वर थांबला.

रविवार, ९ फेब्रुवारी

आठवड्यात रोज चालवली. एकदाही बंद पडली नाही, एकदाही झुलली नाही. आजची गरम रीडिंगं : आयडल ८००, जास्तीत जास्त २५चा चढ-उतार. आयडल व्हॉल्व्ह २८ स्टेप, एसी लावला की ४१. म्हणजे कॉम्प्युटरला दोन्ही बाजूंना हात हलवायला जागा आहे. हवा २.६ ग्रॅम. ट्रिम आयडलला अधिक २, २५००ला अधिक १. पी०१७१ परत आलेला नाही.

एसी लावल्यावर स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते. आरपीएम स्थिर आहेत, ट्रिम स्थिर आहे, म्हणजे आयडलचा प्रश्न नाही. बहुधा उजवं इंजिन माउंटिंग (इंजिनाचा रबरी आधार). ते नंतर, वेगळ्या पानावर.

वरचे सगळे आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह उतरवले. पुढच्या वेळी 'चांगली असताना किती होतं?' असं विचारायची वेळ येणार नाही. जुना एल्बो पिशवीत घालून त्याच वहीत ठेवला. शेवटी बारीक ब्रशने स्टॉप स्क्रूवरून चेकनटवर आणि तिथून थ्रॉटल बॉडीवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. ती कधी तुटलेली दिसली, तर स्क्रूला हात लागला आहे हे बॉनेट उघडताच कळेल.